हौदातली पेज

३ मार्च २०२५, सोमवार

पोहोचले बाप्पा एकदाची! मुर्रीहून स्कूटीवर निघाले तेव्हा पाठीला बॅग, पायाशी गादीची वळकटी आणि हँडलला आईनं दिलेला चिवड्याचा डबा. कुडव्याच्या चौकात एका काकांनी विचारलंच, बाई, घर सोडून निघाली का? म्हटलं, हाव, नोकरीवर. पहिली नोकरी! फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन दीड वर्ष घरी पोळ्या लाटल्या, आता कुठे नशीब उघडलं.

जागा मजेदार आहे. दवनीवाड्याच्या अलीकडे एक नाला लागतो, त्यावर बुटका रपटा, म्हणजे बिनकठड्याचा पूल, आणि रपटा ओलांडला की डाव्या हाताला जुनी राईस मिल. आधी इथं उसना, म्हणजे उकडा तांदूळ व्हायचा, म्हणून धान भिजवायचे दोन मोठे सिमेंटचे हौद आहेत. आता त्यांतल्या एकात समुद्री शेवाळ भिजतं. मोबाईलवर ज्याला सगळे 'सी मॉस' म्हणतात ते. गोंदिया जिल्ह्यात समुद्राचं शेवाळ! मी तर जन्मात समुद्र पाहिला नाही. पोत्यांतून वाळलेलं येतं, दिसायला थेट कंगव्यातल्या गुंतवळासारखं. ते भिजवून, वाटून, शिजवून थंड केलं की जेली होते, आणि ती बाटल्यांत भरून कुठेकुठे जाते.

मालक नंदलालभाऊ चाळिशीचे, बोलके. स्वयंपाकघर त्यांच्या आई धुरपताबाईंच्या हाती. भिजवायचं काम गुणवंताभाऊ बघतात. याच मिलमध्ये वीस वर्षं धान भिजवलंय त्यांनी. मला ऑफिसवरची खोली मिळाली, खिडकीतून हौद दिसतो. स्कूटी लावली नाही तोच धुरपताबाईंनी पाण्याऐवजी लोटाभर पेज हातात दिली. आपल्याकडे देतातच, पण ही जरा दाट होती, खारट, आणि घशातून सर्रकन उतरली. मी दुसरा लोटा मागितला तर बाई खूश झाल्या.

५ मार्च, बुधवार

माझं मुख्य काम पत्रक लिहिणं. एका बाजूला 'फायदे', दुसऱ्या बाजूला 'सावधगिरी'. नंदलालभाऊंना फायदे बेचाळीस हवेत. केस, त्वचा, सांधे, पोट, ताकद, झोप, नवरा-बायकोचं प्रेम, काही म्हणता काही सोडलं नाही. मी म्हटलं, भाऊ, तोळाभर गुण आणि मणभर जाहिरात झाली ही. हसले.

खरं सांगायचं तर गुण आहेत. आयोडीन आहे, थोडं लोह, मॅग्नेशियम, पोटाला बरा असा तंतू. पण आयोडीन म्हणजे मिठाच्या चिमटीचं काम. कमी पडलं तरी गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी बिघडते, जास्त झालं तरी बिघडते. छाती धडधडते, हात कापतात, गळा सुजतो. शिवाय शेवाळ समुद्रातलं शिसं-आर्सेनिक पण शोषून बसलेलं असू शकतं. गरोदर बाईनं, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. अति तिथे माती. हे सगळं 'सावधगिरी'खाली लिहून नेलं. भाऊंनी वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, ती बाजू कोरीच राहू दे, तिथं समुद्राचा फोटो टाकू.

राग आला होता. पण जेवायला बसले आणि विसरले. काय भात असतो या घरी!

९ मार्च, रविवार

घरी जाऊन आले. अंजूसाठी जेलीची बाटली नेली आणि एका काचेच्या बाटलीत हौदाची पेज. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, 'अंजूसाठी'. अकरावीत असताना तिला थायरॉईड निघालं, तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. एकोणीस वर्षांची पोर, दुपारी तीनला थकून आडवी होते. माझी धाकटी बहीण आहे, बघवत नाही मला. तिच्या थायरॉईडला आयोडीनच तर लागतं, थोडंसं देऊन पाहू, असं मनात आलं. पत्रकात मीच लिहिलं होतं की डॉक्टरला विचारा. पण घरच्या माणसाला द्यायला कोणी पत्रक वाचतं का?

आईनं विचारलं, ही पेज कशाची? मी सांगितलं, शेवाळ भिजवतात ते पाणी, धुरपताबाई त्यातच भात शिजवतात. आई म्हणाली, शहाणी बाई आहे, असं सत्त्वाचं पाणी कोण फेकते.

परत येताना रपट्यावर आले आणि उगाच बरं वाटलं. जणू घरीच आले.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. रंग खेळले, नाचले, दमलेच नाही. तीन किलो वजन उतरलं. चार तास झोपते तरी ताजी. बेचाळीसमधले दहाबारा फायदे तर माझ्याच अंगावर दिसून राहिले, आता काय बोलू?

एक गंमत. उजव्या कानात आवाज येतो. हूऽऽ करून येतो, जातो, पुन्हा येतो. अंजूला फोनवर तोंडानं करून दाखवला. तिनं लगेच समुद्राचा व्हिडिओ पाठवला आणि लिहिलं, ताई, हाच का? लावून पाहिला. हाच.

१९ मार्च, बुधवार

आज हसू येत नाही.

दुपारी ऊन मी म्हणत होतं आणि गुणवंताभाऊंच्या गळ्याला दुपट्टा, दोन वेढे. रोजच असतो, मीच लक्ष दिलं नव्हतं. पोतं उचलताना सुटला. गळ्याखाली लिंबाएवढी गाठ, आणि ती नुसती गाठ नाही, नाडीसारखी उडत होती. त्यांनी घाईनं दुपट्टा गुंडाळला. मग डोळे फिरवून पाहिलं तर धुरपताबाईंचा पदर गळ्याभोवती घट्ट. नंदलालभाऊंच्या शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली.

हौदाच्या पाण्यात क्षार मोजायचं मीटर घातलं. काटा पार टोकाला गेला. गुणवंताभाऊंना विचारलं, हौदाचं पाणी कधी बदललं? त्यांना प्रश्नच कळला नाही. दोन वर्षांपूर्वी पहिलं पोतं आलं तेव्हा भरलं होतं ते. आटलं की वरून घालतात, नवं पोतं त्याच जुन्या पाण्यात सोडतात.

देवा! शेवाळातलं मीठ, आयोडीन, शिसं, जे काही नको ते सगळं त्या भिजवणीच्या पाण्यात उतरतं. म्हणून तर ते फेकायचं असतं. हे मला परीक्षेत आलं होतं. पण आम्ही भात खाणारी माणसं, पेज फेकायची नाही हे दुधाच्या दातांपासून शिकलेली. धुरपताबाईंना समजावायला गेले तर त्या म्हणाल्या, पेज कायले फेकाची वं बाई, अन्नपूर्णा रुसते. दही लावायला आपण थोडं विरजण राखतो ना, तसं हे राखलं आहे, जुनं पाणी असलं की नवं लवकर धरते.

काय धरते? विचारलं नाही.

खोलीत धावत येऊन अंजूला फोन केला. जेली आणि पेज दोन्ही आत्ताच्या आत्ता फेक, गोळी सोडू नको, उद्या रक्त तपासून घे. ती हो हो म्हणाली. फेकली का विचारलं तर लगेच म्हणाली, फेकली ना. इतकी लगेच की ती जागची उठल्याचंही मला ऐकू आलं नाही.

नाही, फेकली असेल. अंजू माझ्याशी खोटं बोलत नाही.

२३ मार्च, रविवार

चार दिवस मी फक्त बोअरचं पाणी प्याले. तहान जात नाही. आज स्कूटी काढली, गोंदियाला जाऊन रक्त द्यायचं आणि तिथूनच घर गाठायचं, असं ठरवून. राजीनामा गेला चुलीत.

रपट्यापर्यंत ठीक होते. पुढचं चाक रपट्यावर चढलं आणि गळा आवळला. खरंच आवळला, आतून. जीभ टाळूला चिकटली. छाती इतकी धडधडली की हँडल हलायला लागलं. बाटलीतलं पाणी प्याले, ते उलटून पडलं. दहा पावलं पायी चालून पाहिलं. डोळ्यांपुढे अंधारी आली.

मागे वळले तशी एकेका पावलाला गळा सुटत गेला. गेटात धुरपताबाई लोटा घेऊन उभ्या होत्या. मी लोटा ओढून घेतला आणि गटागटा प्याले. लाज वाटते लिहायला, मी लोटा चाटला.

२७ मार्च, गुरुवार

गुणवंताभाऊ आज बोलले. मागच्या वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न कुडव्यात लागलं. इथून कितीसं लांब ते कुडवा! पण त्यांना रपटा ओलांडता आला नाही. रपट्याच्या या टोकाला खुर्ची टाकून मोबाईलवर अक्षता पडताना पाहिल्या. मुलगी अजून बोलत नाही त्यांच्याशी. काऊन आला नाही बाप, हे तिला सांगून तिला पटणार थोडंच. नंदलालभाऊही सव्वा वर्षात पलीकडे गेले नाहीत. कुरिअरवाला रपट्याच्या तिकडे थांबतो, इकडून पेट्या सरकवतात.

मी विचारलं, मग मला काऊन बोलावलं? म्हणाले, बाई, भाऊंनी नाही बोलावलं. माणसं वाढली पाहिजेत असं वाटत राहते, आम्हाला सगळ्यांनाच, एकाच वेळी.

नाड्या मोजल्या. माझी एकशे आठ. त्यांची एकशे आठ. धुरपताबाईंचा हात धरला, एकशे आठ. नुसता आकडा नाही, ठोकाही एकच. एकाच क्षणी.

मग हौदाकडे पाहिलं. पाणी तसं स्थिर दिसतं. पण काठाशी जी दाट साय आहे ती वर येते, खाली बसते. वर येते, खाली बसते. मी मोजलं नाही. मला मोजायचं नव्हतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. दार आतून लावून घेतलंय. विकतच्या पाण्याच्या बाटल्या, चिवडा, ओआरएस. दोन दिवस पेजेचा थेंब नाही. मनाचा हिय्या केला तर सुटतं सगळं. दारूसुद्धा सुटते लोकांची.

हात असा कापतो की अक्षर मलाच ओळखू येत नाही. घाम. गळ्याला हात लावला, बोराएवढं काही आहे.

आईचा फोन आला. श्रीखंड केलंय म्हणाली. मी सांगितलं तब्येत बरी नाही. तिचा आवाज इतका टवटवीत! म्हणाली, आता गुडघे मुळीच दुखत नाहीत. मी विचारलं, कशानं? तेवढ्यात फोन कटला.

१ एप्रिल, मंगळवार

ॲम्ब्युलन्स बोलावली मी. आली. तिच्यातली दोघं माणसं उन्हानं घामाघूम, धुरपताबाईंनी आधी त्यांना पेज दिली, भरभरून. मी ओरडत होते पिऊ नका. बाई तापात बरळते असं वाटलं त्यांना. प्याले. चव छान म्हणाले.

झोपवून पट्टा बांधला मला. स्वतःच सांगून बांधून घेतला, दोन्ही हात पण बांधा म्हटलं. हात नाही बांधले.

रपटा आला. पट्टा कोणी सोडला? दार कोणी उघडलं? माझीच नखं तुटलीत. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

हौदाच्या काठावर शुद्धीवर आले. हात कोपरापर्यंत पाण्यात. गार. इतकं बरं वाटलं की रडले.

४ एप्रिल

पत्रकं छापून आली. समुद्राचा फोटो. मी एकेक घेऊन फोटोवर पेनानं लिहिलं, खाऊ नका, पाणी पिऊ नका, गळा बघा. पन्नास तरी लिहिली.

भाऊ आले. रागावले नाहीत. म्हणाले, प्रेरणाताई, वाचून तर पाहा काय लिहिलं.

वाचलं. माझंच अक्षर. पन्नासही पत्रकांवर तेच. 'पाणी फेकू नये. घरच्यांना द्यावे.'

६ एप्रिल, रविवार

अंजूचा फोन. पुढच्या रविवारी न्यायला येते म्हणाली. ताई, तू तशीच बस, मी येऊन घेऊन जाते.

नको म्हटलं. ओरडले. येऊ नको, आलीसच तर रपट्याच्या पलीकडे थांब, पाऊल टाकू नको, तिथून बोलू. तुला माझी शपथ.

बरं म्हणाली. मग विचारलं, तुमच्याकडे भात किती वाजता होतो?

का विचारलं असेल? उन्हातून येणार, भूक लागेल, म्हणून. म्हणूनच.

मला काही झालं तरी चालेल. ती नाही. तिचा गळा आधीच - तिला नाही सोसायचं. देवा, बाकी काही मागत नाही.

१० एप्रिल

चौघांनी एकदम वर पाहिलं आज. जेवताना. कोणी हाक मारली नव्हती.

कोणीतरी येणार आहे, हे मलाही कळलं. आणि - आनंद झाला. मला. आनंद -

१३ एप्रिल, रविवार

रपट्याच्या या टोकाला बसलेय. मोहाच्या झाडाखाली. इथवर येता येतं. वही गुडघ्यावर. लिहीत राहिलं की डोकं ठिकाणावर राहतं.

मागे गेटात तिघं उभे. बाईंच्या हातात लोटा.

ती पलीकडे थांबेल. मी ओरडून सांगेन, परत जा, रक्त तपास, आईला सांभाळ, मी मेले समज. एवढंच सांगायचं आहे. पाठ करून ठेवलंय.

रिक्षा. उतरली.

उन्हात गळ्याला ओढणी. दोन वेढे.

नाही. ऊन लागू नये म्हणून. मुली बांधतात.

थांब म्हटलं. थांबत नाही. अंजू थांब. शपथ घातली होती गं -

हातात बाटली. चिठ्ठी दिसते. माझं अक्षर. अंजूसाठी. रिकामी.

आली. समोर बसलीय. म्हणते, फेकवलीच नाही ताई. थोडी उरली की पाणी घालायची, रात्रीतून पुन्हा दाट व्हायची. विरजणासारखी. आईपण त्यातच भात टाकायची. शुक्रवारी हातून सांडली. तेव्हापासून दोघींना -

आई मागच्या रिक्षात आहे.

तिला ढकलायला मनगट धरलं. नाडी लागली. माझ्यासोबत. त्याच ठोक्याला.

बाई आल्या. लोटा माझ्याच हातात दिला. पाहुणीला घरच्या माणसानं द्यावं म्हणतात.

डाव्या हातात लोटा. उजव्यात पेन. जोवर लिहितेय तोवर हा हात मोकळा नाही. एका हातानं ओतता येत नाही, लोटा जड आहे. म्हणून लिहिते. काहीही लिहिते. अंजू. अंजू. अंजू पटले, मुक्काम मुर्री. तिला चिंच आवडते. ती तीन वर्षांची असताना मी तिला ओंजळीनं -

तिनं ओंजळ धरलीय.

पेन सोडणार नाही. नाही सोडणार. ओठ फुटलेत गं तिचे. किती तहान असेल. तीन दिवसांची. माझं लेकरूच ते. नाही. लिही. प्रेरणा लिही. फेकायचं असतं पहिलं पाणी, फेकायचं असतं, फेकायचं -

ताई म्हणाली. एकदाच.

एकच घोट देते. एकच. आणि लगेच पुन्हा पेन ध